कारणाचा रकाना

निवारा ११
१ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझे लोकरीचे मोजे सामानवाल्याने काल आणून दिले. एक दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब आहे. तू रागात विणायला बसू नकोस असं दादाने तुला कितीदा सांगितलं असेल! पण ऊब दोन्हींत सारखीच आहे, त्यामुळे तक्रार नाही.

हंगाम सुरू झाला. डोंगरातल्या लांबवाटेचे एकोणीस निवारे, आणि चालणारे लोक सगळ्यात जास्त गळतात ते माझ्याकडे, अकराव्यात. कारण माझ्या खिडकीतून पुढचा ‘कंगवा’ दिसतो. दात्यादात्यांचा तो कडा समोर पाहिला की भल्याभल्यांना घरची कामं आठवतात. परवा एक दातांचा डॉक्टर उतरला, दात दुखतो म्हणून. नवराबायकोची एक जोडी आली होती, त्यातला नवरा उतरला आणि बायको पुढे गेली. दोघंही जाताना खुशीत होती.

वहीत नेमकं काय लिहितात, असं तू विचारलं होतंस. ‘उतरण्याचं कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात एकच शब्द लिहायचा, असा दंडक आहे. शब्दही ठरलेले पाच. ‘पाय’ लिहायचं तर जखम मी डोळ्यांनी बघायला हवी. ‘हवा’ लिहायचं तर आभाळ मी बघायला हवं. ‘घर’ लिहायला घरून निरोप आलेला हवा. ‘पोट’ मी भिडेखातर लिहिते, कारण पोटात डोकावता येत नाही. डॉक्टरलाही पोटच लिहिलं. आणि यातलं काहीच नसेल, धडधाकट माणूस नुसता नको म्हणत असेल, तर ‘मन’. खाली त्याची सही घ्यायची. हंगाम संपला की चालणाऱ्यांचं मंडळ सगळ्या नोंदी छापतं आणि आपल्या दारावर लावतं.

आता बसून वाच. यंदा निघणाऱ्यांची यादी आली आहे आणि तिच्यात तिसरं नाव त्याचं आहे. लांबवाट पहिल्यांदा पुरी केल्याला तीस वर्षं झाली म्हणून मंडळाचे अध्यक्ष ती पुन्हा चालणार आहेत, सोबत फोटोग्राफर घेऊन. बावीस तारखेच्या सुमारास माझ्या दारात असतील. मी कोण हे त्याला ठाऊक नाही. तो घरी यायचा तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

दादाला सांगायचं की नाही ते तूच ठरव. इथे मी एकटी असले तरी तुमच्या मायेवर माझं बरं चाललं आहे, ती कमी करू नका.

तुझी
नणंद


७ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुझे फ्रॉक मी शिवले आहेत, त्यामुळे मान वन्संचा देईन पण बोलणार अगंतुगंच. मोज्याचं म्हणशील तर तो मंडळाचं पत्र आलं त्या दिवशी विणला होता. त्याची लांबी बघून माझा राग किती ते समज.

ते पत्र काय होतं ते तुला सांगितलं नव्हतं. शाळेच्या मुलांना पहिल्या तीन निवाऱ्यांपर्यंत फिरवून आणायला कोणी हवं होतं. तुझ्या दादाने अर्ज केला. माझ्या लग्नापासून या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडतो आणि मान वर करत नाही. अर्ज मात्र चार वेळा लिहिला, तीन फाडले. उत्तर आलं की नोंदवहीतलं कारण लक्षात घेता मुलांची जबाबदारी आपल्यावर देता येत नाही. खाली सही अध्यक्षांची, त्या बूटवाल्याची!

तू तेव्हा लहान होतीस, तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे. पुरी ऐक. तुझा दादा आणि हा बूटवाला, दोघं मिळून निघाले होते. तुझ्याच त्या निवाऱ्यात याने आपले बूट वाळवायला शेगडीला चिकटवून ठेवले आणि तळवे उकलून बसला. तुझ्या दादाने पायातले बूट काढून त्याला दिले. स्वतः पायाला गोणपाट गुंडाळून दोन दिवस खाली उतरला. म्हातारा निवारेवाला लाकडं आणायला गेला होता, म्हणून वहीत बूटवाल्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. काय लिहिलं? ‘मन’. आणि त्याच बुटांत पुढचे आठ निवारे चालून गावात मिरवला. आमचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. मी ते पाय पाहिले आहेत, मी ते धुतले आहेत. तेव्हापासून गावातलं प्रत्येक टवाळ पोर तुझ्या दादाला ‘काय मन होतंय का?’ म्हणत आलं. बूट तर त्याने परतही केले नाहीत.

त्याची बायको माझी शिवणवर्गातली मैत्रीण. आम्ही एका मशीनवर शिकलो. तिच्याशी मी तीस वर्षांत एक शब्द बोलले नाही. समोरून आली की मी रस्ता बदलते. कपडे शिवून घ्यायला ती दुसऱ्या गल्लीत जाते आणि तिच्या ब्लाउजांचे खांदे नेहमी एकीकडे उतरलेले असतात. मला ते बघवत नाही, तरी मी बोलत नाही.

तेव्हा आता ऐक. तो तुझ्या दारात येतो आहे, ही संधी पुन्हा नाही. त्याला तिथेच उतरव. पाण्यात काही घाल, बूट दवात ठेव, कंगव्यावर माणसं खाली पडतात म्हणून सांग, काय वाटेल ते कर. आणि रकान्यात तोच शब्द लिही. त्याच्या दारावर तो छापलेला मला बघायचा आहे. तुझ्या दादाला मी काही सांगितलेलं नाही.

तब्येतीला जप. माझ्या बोलण्यातला तिखटपणा सोडून बाकीचं सगळं प्रेम समजून घे.

तुझी
वहिनी


निवारा ११
१५ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना शेगडीवरचे बटाटे करपले. अर्जाचं मला कळवायला हवं होतंस.

पण वहिनी, पाण्यात काही घालणार नाही आणि वाटेबद्दल खोटं सांगणार नाही. इथे येणारा माणूस माझ्या शब्दावर पुढे पाऊल टाकतो. ते एकदा मोडलं तर मी इथे काय करायचं? बाकी त्याच्यावर कसलीही दया दाखवणार नाही, हे मात्र लिहून घे.

मी दुसरंच शोधून ठेवलं आहे. नियमांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर आहे की जुनी नोंद दुरुस्त करता येते, पण त्या दिवशी हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची सही लागते. म्हातारा निवारेवाला गेला. उरला एकच माणूस. तीस वर्षांपूर्वीची वही मी फडताळातून काढून पुसून ठेवली आहे. मला त्याची सही हवी आहे. तो उतरतो की नाही, ते कंगवा बघेल.

तू आता काही करू नकोस. मशीन चालव, आणि लोभ आहेच तो माझ्या वाट्याचा तसाच ठेव.

तुझी
नणंद


निवारा ११
२८ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काही करू नकोस असं सांगितलं होतं ना?

आधी तुझा गुन्हा. अध्यक्ष इथे असतानाच सामानवाल्याने त्यांच्या नावाची चिठ्ठी आणली. ‘घरी निकड आहे. ताबडतोब निघा.’ खाली सही नाही. मागच्या बाजूला छाती बत्तीस, बाही एकवीस, आणि ‘खिसे दोन, शुक्रवारी’. अगं, शत्रूला खोटा निरोप पाठवायचा तर निदान कोरा कागद तरी घ्यायचास! आणि त्याहून मोठा घोळ तुला समजला का? निरोप आला की रकान्यात ‘घर’ लिहावं लागतं. घरासाठी उतरलेल्या माणसाला लोक मान देतात. तू त्याला पाणी पाजायला निघालीस आणि त्याच्यासाठी पालखी पाठवलीस. मी चिठ्ठी खिशात घातली. निरोप पोचवायचा नियम आहे, पण गणवेशाची मापं पोचवायचा नाही.

आता तो. बावीस तारखेला दुपारी आला. केस पिकले आहेत, पण चाल अजून पुढाऱ्याची. फोटोग्राफर मुलगी तीन पावलं पुढे उलटी चालत होती. त्याने दारातच मला सांगितलं की या निवाऱ्याशी त्याच्या फार आठवणी निगडित आहेत. मी म्हटलं, असतील. मग तो खिडकीशी गेला आणि कंगव्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी निघाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बूट घालायचा, दारापर्यंत जायचा, नाडी पुन्हा बांधायला बसायचा. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. जेवण चांगलं जात होतं, माझे बटाटे त्याने दोनदा मागून घेतले. चौथ्या दिवशी, फोटोग्राफर बाहेर असताना, त्याने हळूच सांगितलं की पाय फार दुखतो आहे, नोंद करून टाका. मी म्हटलं, दाखवा. त्याने मोजे काढले. वहिनी, तान्ह्या बाळाचे असावेत तसे पाय. एक फोड नाही. मी दोन्ही तळवे खिडकीशी नेऊन नीट बघितले आणि वेळ लावला, कारण मुलगी तेवढ्यात आत आली होती. मग त्याने हवा बिघडेलशी वाटते म्हणून बघितलं. आम्ही तिघंही आभाळाकडे बघायला बाहेर गेलो. मग त्याने मला आडून आडून सांगितलं की अध्यक्षांनी मनात आणलं तर या निवाऱ्याला नवी शेगडी मिळू शकते.

तेव्हा मी मुलीला पाणी आणायला झऱ्यावर पाठवलं, जुनी वही त्याच्यासमोर उघडली आणि मी कोणाची बहीण ते सांगितलं.

तो बसला. पान त्याच्याच अक्षरातलं होतं. त्याने ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला की ते बूट त्याला सबंध वाट चावत होते. मी विचारलं, तक्रार कोणाकडे करायची? मी दुरुस्ती आधीच लिहून ठेवली होती. पाच शब्दांत बसत नाही, म्हणून सहावा घातला: ‘बूट’. आणि शेऱ्यात, सोबत्याला दिले. त्याने विचारलं की सही केली तर त्याच्या नोंदीचं काय. मी म्हटलं, मी जे बघते तेच लिहिते. तो त्याला सौदा समजला असेल तर ती त्याची समजूत. लेखणी उचलताना एवढंच म्हणाला की बुटाची नाडी आधी कोणी सोडली ते एकदा भावाला विचारा. मी म्हटलं, सही खाली करा.

सही झाली. मग मी नवी वही ओढली आणि त्याच्या नावापुढे ‘मन’ लिहिलं. सावकाश लिहिलं, अक्षर चांगलं आलं. तो लालबुंद झाला, पण मुलगी बादली घेऊन दारात उभी होती आणि तिने सहज विचारलं की सही करतानाचा फोटो घेऊ का. त्याने सही केली. फोटोही निघाला.

वहिनी, मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. तो वळणापलीकडे गेला आणि मी मोठ्याने गाणं म्हटलं.

दादाला हे पत्र वाचून दाखव. ‘मन’ हा शब्द आता त्याचा राहिला नाही. दुरुस्तीची नक्कल याच सामानवाल्याबरोबर मंडळाकडे पाठवली आहे. तुम्हा दोघांचा हात माझ्या डोक्यावर आहे तोवर मला कसलं भय नाही.

तुझी
नणंद


८ मे

चि. चिमणे,
अ. उ. आ.

तुझ्या वहिनीने पत्र दुकानात उभ्याने वाचून दाखवलं. तुझ्या वाक्यावाक्याला तिने टाळ्या दिल्या, मग रडली, मग शेजारच्या सगळ्यांना पुन्हा वाचून दाखवलं. मंडळातून कालच निरोप आला की नोंद दुरुस्त झाल्यामुळे मुलांना न्यायला हरकत नाही. आज शाळेतून दोन मुलं येऊन विचारून गेली की काठी आणायची का. तेव्हापासून माझ्या हातून एक घड्याळ धड जोडलं गेलेलं नाही.

चिमणे, त्याने सांगितलं ते खरं आहे. नाडी मी आधी सोडली.

आम्ही पोचलो त्या दिवशीच मी खिडकीतून कंगवा पाहिला आणि पुढे जायचं नाही हे ठरून गेलं. खिडकीकडे पाठ करून बसलो. त्याला काय सांगू, घरी काय सांगू, हेच डोक्यात. तेवढ्यात त्याचे बूट उकलले. त्याने काही मागितलं नव्हतं. म्हाताऱ्याने सांगितलं होतं की दोन दिवस थांबा, सामानाबरोबर दुसरे बूट येतील. मीच थांबलो नाही. मी बूट काढून त्याच्या हातात जवळजवळ कोंबले. गोणपाट बांधून उतरत होतो, पाय सोलवटत होते, आणि मी शीळ घालत होतो.

घरी आलो तेव्हा तुझ्या वहिनीने पाय पाहिले आणि सगळी गोष्ट तिनेच रचली. बूट दिले, त्याग केला, मित्राने दगा दिला. मी नुसती मान हलवली. एकदा हलवली आणि मग तीस वर्षं हलवतच राहिलो. तिने मैत्रीण सोडली तेव्हा मी सांगायला हवं होतं. दर वर्षी ठरवायचो, पण तिचा राग इतका माझ्या बाजूचा होता की तो सोडवेना. त्याने मुलांसाठी नकार दिला, तो मात्र खवचटपणाच होता. तीन निवारे मी चाललो असतो.

तर ती दुरुस्ती खोडून टाक. माझा शब्द ‘मन’ हाच बरोबर होता. मुलांना घेऊन जायचं तर खोट्या शब्दावर नको. फक्त तुझ्या वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला काय सांगायचं ते मी बघतो.

तुला माझा राग आला असेल. तो येऊ दे, पण माझ्यावरचं मन काढून घेऊ नकोस.

तुझा
दादा


निवारा ११
१५ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा तुझा वेगळा राग आला. ज्या माणसाचा मी सूड घेतला, त्याने त्या दिवशी वहीत खरं लिहिलं होतं, हे तू मला आत्ता सांगतोस? त्याच्या नावापुढचा शब्द मी बदलणार नाही. तोही खराच आहे, आणि तुझ्या अर्जावरची सही त्याचीच होती.

तुझं खोडायचं म्हणतोस. नियम असा आहे की आपली दुरुस्ती मागे घ्यायची तर ज्याची नोंद त्याने स्वतः निवाऱ्यात हजर राहून सही करायची. चालत यावं असं नियमात नाही. ते मी घालते आहे. पहिल्या निवाऱ्यापासून, लांबवाटेने, आपल्या पायांनी. सामानवाल्याच्या वाटेने खेचरावर बसून आलास तर वही कुलपात असेल आणि किल्ली माझ्याकडे नसेल.

वहिनीला मी काही लिहिणार नाही. ते तुझं काम आहे. तुझा आशीर्वाद घ्यायला मी दारात उभी राहीन, तो हाताने द्यायला ये.

तुझी
चिमणी


२४ मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुझा दादा पाकिटाला डिंक लावायला विसरतो. त्याने तुला लिहिलेलं पत्र मी त्याच दिवशी वाचलं, नीट चिकटवलं आणि स्वतः पेटीत टाकून आले.

मग गप्प बसले. तुझं उत्तर येईपर्यंत पंधरा दिवस. त्याला वेळेवर जेवायला वाढलं, सदऱ्याची बटणं लावून दिली, हसून बोलले. त्याला वाटलं मी खुशीत आहे. रोज सकाळी तोंड उघडायचा आणि रोज घड्याळ उघडायचा. सांगेल म्हणून मी वाट बघितली, वन्सं. शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघितली.

तुझं पत्र काल आलं. ते मी दुकानात, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्याने भिंग काढलं आणि डोळे पुसले, पण मी थांबले नाही. तीस वर्षं माझ्या रागावर जगला हा माणूस. मी बाहेर भांडायची आणि हा आत बसून गरम जेवायचा. बूटवाल्याचा सूड घेऊन मला इतका आनंद झाला नव्हता जेवढा त्याचा तो पडलेला चेहरा बघून झाला. आणि तो आनंद अर्धा तास पण टिकला नाही.

मग मी टेप गळ्यात तशीच ठेवून मैत्रिणीच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. आत अध्यक्ष होते, मला बघून मागच्या खोलीत गेले. तिने विचारलं की माप घ्यायला आलीस का. मला दुसरं काही सुचलं नाही, मी हो म्हटलं. उभ्या उभ्या तिच्या खांद्याचं माप घेतलं. आकडा तिनेच वाचून सांगितला. पुढच्या आठवड्यात कोट बेतायचा आहे.

तुझ्या दादाला मी आज सकाळी घराबाहेर काढलं. पिशवी मीच भरली. बूट नवे, पण दुकानात तासभर फिरायला लावून मऊ केले. दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे की घड्याळं जूनअखेर मिळतील. शाळेतल्या मुलांना सांगितलं की सर आधी वाट बघून येत आहेत. तो जाताना काहीतरी बोलणार होता. मी म्हटलं, वहीत लिही.

बाराव्या दिवशी तुझ्याकडे पोचायला हवा. आल्या आल्या गळ्यात पडू नकोस. आधी वही समोर ठेव, सही घे, मग काय ते रड. त्याचा शब्द ‘मन’ तर ‘मन’, मी आता त्यासाठी कोणाशी भांडणार नाही. पण सही झाली की त्याला खाली पाठवायचं नाही. खिडकीवर पडदा लाव आणि पुढे धाड. आठ निवारे उरतात त्याचे.

तुझा मोजा पुन्हा विणायला वेळ नाही. आहे तसाच घाल, आणि मी आहे तशीच चालवून घे.

तुझी
वहिनी

ता. क. — तो पोचलाच नाही, तर कारण मला कळवू नकोस.